वाळ्याचा सफारी

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवलात तर मलाच तुमची काळजी वाटेल. पण सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात, धुळ्यात, हे माझ्या अंगावर घडलं.

कांतीलालशेठच्या कापसाच्या पेढीवर मी हंगामी कारकून होतो. शेठ म्हणाले, "आपल्याकडे मुंबईचे व्यापारी येतात, पायजमा चालायचा नाही. जो रोज सफारी घालून येईल, तोच कायम होईल." आता बघा, पेढी कापसाची, सफारी टेरिकॉटचा आणि बाहेर पारा सेहेचाळीसवर!

पहिल्याच दिवशी मी दोनदा भोवळ येऊन पडलो. नोकरी तर हवी होती. मग चुडामण शिंप्याकडून सफारीला आतून कूलरच्या वाळ्याचं अस्तर लावून घेतलं. शिपाई दर तासाला माझ्या कॉलरमधून तांब्याभर पाणी ओतायचा. बाहेरची लू पाठीतून शिरायची आणि बाह्यांमधून गारेगार होऊन निघायची. समोरच्या मुनीमजींनी तिसऱ्या दिवशी कानाला मफलर गुंडाळला.

आठवड्याभरात शेठनी मला कायम केलं. फक्त जागा बदलली. त्यांच्या केबिनची खिडकी काढून तिथे मला बसवलं. पाठ रस्त्याकडे, दोन्ही हात आत.

परवा हे सगळं माझ्या नातवाला, भटूला सांगितलं. तो शेवटपर्यंत मान डोलवत होता. मग एकदम थांबला.



"आबा, खिडकीनं समदं पटनं. पण मे महिनामा, धुळामा, दर तासले तांब्याभर पानी? थापा मारानी बी काही हद शे!"