साधं रक्त

“साध्या माणसांच्या पोरीला इतके गुण पडतातच कसे?” प्रवेश केंद्रातल्या अधिकाऱ्यानं विचारलं. जनुकं सुधारून जन्मलेल्या साऱ्या मुलांना मागे टाकून मृण्मयी वैद्यकीयच्या परीक्षेत पहिली आली होती. तिनंही चोरून जनुकं बदलून घेतली असणार, असा त्याला संशय होता.

सुलभाताईंनी मुकाट्यानं लेकीचं रक्त काढू दिलं. तासाभरात अहवाल आला: रक्त साधंच, कसलाही बदल नाही.

“मग आता द्या प्रवेश,” त्या म्हणाल्या.

अधिकाऱ्यानं आवाज खाली आणला. “बाई, हे बाहेर कळलं तर सुधारणेवर विश्वास कोण ठेवील? निकाल रद्द करतोय. घरी जा आणि गप्प राहा.”

सुलभाताईंच्या अंगाची लाही लाही झाली. टेबलावरचा अहवाल हिसकावून त्या तडक बाहेर आल्या. फाटकापाशी साध्यांची वेगळी रांग होती. शेकडो आईबाप मुलांना घेऊन, माना खाली घालून उभे होते. पायरीवर उभं राहून सुलभाताईंनी अहवाल खणखणीत आवाजात वाचला, मग लेकीचे गुण सांगितले.

आतून शिपाई धावत आले. तोवर रांग मोडली होती आणि सगळी माणसं फाटक ढकलून आत येत होती.