ट्रॅकखालच्या चपला

"ते चपलांचे तुकडे काढ, शेवंता. कालच ट्रॅकची पूजा केलीय!" क्लबचे अध्यक्ष ओरडले.

खेळण्यातल्या गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक ज्या टेबलावर मांडायचे ते थरथरायचं, म्हणून तिची मुठीएवढी गाडी दर वर्षी शेवटच्या फेरीत वळणावरून उडून पडायची. यंदा तिने शिलाई मशीनखाली घालते तसं टेबलाच्या पायांखाली जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे घातले होते.

"थरथर थांबली ना, साहेब?"

"शिंपिणीने आम्हाला शिकवू नये." त्यांनी बुटाच्या टोकाने ते छोटे तुकडे टेबलाखालून उडवले.

शेवंताने पायातल्या चपला काढल्या, टेबल उचलून त्याच्या वळणाकडच्या दोन पायांखाली सरकवल्या आणि अनवाणी उभी राहिली. "या अख्ख्या आहेत, बुटाने निघायच्या नाहीत. वाका आणि हाताने काढा."

अध्यक्षांनी बाकीच्यांकडे पाहिलं. कुणीच वाकलं नाही.

शिट्टी वाजली. शेवटच्या फेरीतही तिची गाडी वळण कापून सुसाट पुढे गेली.