आवाज करतं का?

"आवाज करतं का?" नणंदेनं फोनवरून विचारलं.

तिनं सशाचं कापडी पुस्तक टेबलावरून उचललं आणि फोनजवळ नेऊन दाबलं. सशाच्या पोटातून चूं झालं.

"झालं तर मग. ते खेळणं. खेळण्यावर पूर्ण कर. जे आवाज करत नाही, नुसती पानं उलटायची, ते पुस्तक. पुस्तकाला कर माफ. वहिनी, एवढंच धोरण ठेव, सगळी बिलं त्याप्रमाणे लाव आणि माझं ऑफिस बंद व्हायच्या आत यादी पाठव. आज नाही गेली तर तुझा जीएसटी नंबर रद्द. मग दुकान विसरायचं." नणंद क्षणभर थांबली. "दादा आहे का तिथे?"

"ऐकतायत."

"दादा, अरे मी तुझी सख्खी बहीण ना? दिवसभर लोकांचे कर भरते मी. मला एक फोन करता येत नव्हता तुला?"

समोरच्या खुर्चीत नवरा बिलांच्या गठ्ठ्याकडे बघत बसला होता. नणंदेनं वाट पाहिली आणि फोन ठेवून दिला.

पोरांची कापडी पुस्तकं शिवायची तिनं आणि कर भरायचा त्यानं, अशी घरात वाटणी होती. दर महिन्याला ती शिलाई मशीनवरून मान वर न करता विचारायची, "भरला का हो?" आणि तो म्हणायचा, "हं." त्या "हं"मध्ये काही नव्हतं हे आज सकाळी कळलं, कारण कर थकल्यानं नंबर अडकला होता आणि तिचं ऑनलाइन दुकान उघडेना. पहिल्याच महिन्यात पुस्तक कुठलं नि खेळणं कुठलं यात तो अडला होता. पुढच्या महिन्यात बघू असं स्वतःशीच म्हणाला, पुढच्या महिन्यात ते दुप्पट झालं, आणि मग नोटिसा यायला लागल्यावर त्या उघडायचीच त्याला भीती वाटायला लागली. घोंगडं भिजत राहिलं. इकडे सोफ्यावर एका बालवाडीची पुस्तकं बांधून तयार होती, पण नंबर नाही तर बिल नाही आणि बिल नाही तर बालवाडी माल घेत नाही.

"मला विचारायचं होतंत," ती म्हणाली. "कोण ओरडतं आणि कोण नाही, मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पोटात शिट्टी मीच घालते ना?"

"तू दमलेली असायचीस."

"आणि आता कशी आहे?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तिच्या मनात आलं. राग आला असता तर बरं वाटलं असतं, पण रागवायलाही अंगात थोडं बळ लागतं. तिनं बिलांचा गठ्ठा पुढे ओढला आणि लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

"मी नाव सांगते. तुम्ही लिहा, आणि काय लिहिलं ते मोठ्यांदा म्हणा. परत गडबड नको."

तो दोन बोटांनी टाइप करायचा. एकेक अक्षर शोधून काढायचा, जसा काही कीबोर्ड रोज रात्री कुणीतरी बदलून ठेवतं.

"हत्ती."

"हत्ती. कर माफ."

"ससा."

"ससा. पूर्ण."

"समुद्र."

"समुद्र. कर मा..."

"थांबा. त्यातला मासा कुरकुरतो. शेपटीत कागद घातलाय."

"समुद्र. पूर्ण," त्यानं खोडून लिहिलं.

अस्वलापाशी दोघांचं अडलं. आधीची अस्वलं शिट्टीवाली होती. मधे शिट्ट्या मिळेनात म्हणून तिनं काही मुकी शिवली होती. कुठल्या बिलात कुठलं अस्वल गेलं, हे तिनं डोळे मिटून आठवून आठवून सांगितलं. तो म्हणत म्हणत लिहीत गेला. मधेच उठून त्यानं पाण्याचा ग्लास आणून तिच्यापुढे ठेवला. तिनं तो प्यायला, कारण घसा कोरडा पडला होता. त्याला बरं वाटावं म्हणून नाही.

खिडकीतलं ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं. तिची मान भरून आली होती. बिलं संपत आली तसा त्याचा आवाज बारीक होत गेला, आणि तिला एकदोनदा "काय?" म्हणून विचारावं लागलं.

"हे शेवटचं," ती म्हणाली. "ढग."

"ढग. कर माफ." त्यानं टाइप केलं. बोटं तशीच कीबोर्डवर राहिली. मग तो म्हणाला, "माफ कर."

"उलटं म्हणालात. कर माफ."

"ते लिहिलं," तो म्हणाला. "हे वेगळं."

तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. दाढी वाढली होती. महिनोन्महिने न उघडलेल्या नोटिसा उशाशी घेऊन झोपलेल्या माणसाचे डोळे होते. हे आपल्याला दिसलं कसं नाही, असं तिला वाटलं आणि त्याचाही कंटाळा आला.

तिनं हात लांब करून यादी स्वतःच पाठवून टाकली. दोघं फोनकडे बघत बसले. थोड्या वेळानं नणंदेचा मेसेज आला. तिनं तो वाचून दाखवला.

"पोचली म्हणतेय. दंड बसेल, पण दुकान वाचलं."

त्यानं श्वास सोडला. मग पुन्हा तिच्याकडे बघत राहिला, उत्तराची वाट बघत.

"माफी पुस्तकांना असते," ती बिलं गोळा करत म्हणाली. "तुम्ही हप्त्यानं भरा."