जास्तीची वायर

दादाने मागच्या काचेखालची फळी उचकटून बाहेर काढली आणि तो अर्धा डिकीत शिरला. धाकटा भाऊ पुढे स्टिअरिंगशी बसला होता. त्याला काम सोपं होतं, दादा सांगेल तेव्हा टेप सुरू करायचा आणि सांगेल तेव्हा बंद.

दुसरं काम बायकोने दिलं होतं, आणि ते सोपं नव्हतं. मुलीच्या अभ्यासासाठी दादाची खोली लागणार होती. दादाने स्वतःच्या बंद पडलेल्या दुकानावरच्या खोलीत राहायला जावं, हे आज त्याला सांगायचंच होतं. गेले दोन रविवार धाकटा हेच सांगायला म्हणून दादाच्या खोलीत गेला आणि हवापाण्यावर बोलून परत आला. ज्याने आपल्याला शिकवलं, आपलं लग्न लावून दिलं आणि त्या धबडग्यात स्वतःचं राहूनच गेलं, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणून आज स्पीकरचं निमित्त. मागच्या सीटवर गाणी नीट ऐकू येत नाहीत, एवढंच दादा म्हणाला होता, तेही कुणीतरी विचारलं म्हणून. गाडी जुनी, स्पीकर गाडीइतकेच जुने. पण जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाला असल्या कामात दुसऱ्याच्या हातात पक्कड बघवत नाही. नवे स्पीकर आणि वायर तो सकाळीच स्वतः जाऊन घेऊन आला होता. वायरीचं भेंडोळं बघून धाकटा म्हणाला होता की एवढ्यात तर अख्खी बस वाजेल. दादा नुसता हसला होता.

डिकीतून बाहेर येऊन त्याने आधी टेपची बटणं दाबून पाहिली. त्याच्या भुवया वर गेल्या.

"आवाज सगळा पुढच्या स्पीकरांकडे ओढलाय. कुणी केलं हे?"

धाकट्याने कानांवर हात ठेवले. मुलीने केलं असेल, म्हणाला. केलं होतं त्यानेच. फोन घेणारा हा नवा टेप बसवल्यापासून बायकोचा फोन आला की तो गाडीभर वाजायचा, आणि हल्ली फोनवर खोलीचा विषय निघायचाच. मागे दादा बसलेला असायचा. तसं दादाला कमी ऐकू येतं असं घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं, कारण पुढच्या सीटवरच्या बोलण्याला तो कधी उत्तर देत नसे. तरी चोराच्या मनात चांदणं. गाडी ती केवढी, पुढचं बोलणं मागे जायला काही परवाना लागत नव्हता, हे मात्र त्याला सुचलं नाही. आत्ता लाज वाटली ती पोरीच्या नावावर खपवल्याची.

दादाने आवाज मधोमध आणून ठेवला. मागे तरीही कुजबुजच. मग त्याने जुन्या स्पीकरच्या वायरींना घड्याळाचा सेल टेकवून पाहिला. एकातून खर्र आवाज आला, दुसरा गप्प. आतला कागद फाटला होता आणि कडेचा फोम बोट लागताच भुगा होऊन खाली पडला.

"वय झालं यांचं," दादा म्हणाला. "बदललेले बरे."

धाकट्याला वाटलं, आता सांगून टाकावं. त्याने दादा अशी हाक मारली. दादाने डिकीतून हं केलं. जीभ काही रेटेना, म्हणून त्याने पाणी आणू का, असं विचारलं.

नवे स्पीकर बसले. गाणं लावलं तर खणखणीत वाजलं. आज एवढ्यावर सुटलो, या विचाराने धाकट्याला हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

"गाणं बंद कर," दादा आतून म्हणाला. "गाण्यात दोष लपतो. बोलणं ऐकायला हवं. घरी फोन लाव."

बातम्या लावतो की, धाकटा घाईने म्हणाला.

"बातम्या देणाऱ्याचा मूळ आवाज मला कुठे माहीत आहे? घरचा लाव."

नाही म्हणायला कारण सापडेना. त्याने फोन लावला. आपण काही बोलायच्या आत तिने बोलू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

"सांगितलंत का दादांना?" बायकोचा आवाज गाडीच्या चारी कोपऱ्यांतून आला. "की आजही हवापाण्यावर बोलून येणार? अहो, मी रोज त्यांना जेवायला वाढते आणि नजर चुकवते. मला नाही जमत आता हे."

धाकट्याने बंद करायला बोट लावलं ते नेमकं भलत्या बटणावर, आणि आवाज वाढला.

"खोली हवीय म्हणून सरळ सांगा त्यांना. चांगल्या माणसाला असं अंधारात ठेवू नये."

शेवटी एकदाचा फोन बंद झाला. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आरशात मागे बघायचा त्याला धीर होईना. मागे फळी जागेवर बसल्याचा आणि स्क्रू फिरवल्याचा आवाज येत राहिला.

"स्वच्छ आहे," दादा म्हणाला. "आतापर्यंत शब्द जोडून घ्यावे लागायचे."

धाकटा खाली उतरून डिकीपाशी गेला. रिकामी खोकी गोळा करू लागला. वायर निम्म्याहून जास्त उरली होती. ही परत करून येऊ का, त्याने खाली बघतच विचारलं.

"नको," कोपराभोवती वायर गुंडाळत दादा म्हणाला. "दुकानावरच्या खोलीत दिव्याचं बटण दाराशी आहे आणि खाट खिडकीशी. मोजूनच आणलीय."