साडेसतरा टर्न

कमळाकर फायनल जिंकले. माइकवर नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, कोणीतरी शिट्टीही मारली. नंतर कमिटीने हा निकाल रद्द केला आणि असं काही घडलंच नाही असं ठरलं. आपणही तसंच धरून चालू.

उलव्यातल्या त्या लग्नाच्या हॉलमध्ये मुहूर्त नसेल त्या रविवारी रिमोटच्या गाड्यांची शर्यत होते. कार्पेटवर प्लास्टिकचे पाइप चिकटवले की ट्रॅक तयार. चालवणारे उभे राहतात स्टेजवर, नवरा-नवरीच्या सोफ्यासमोर. मागे थर्माकोलचं ‘शुभविवाह’ तसंच असतं. काढायला कोणाला वेळ नसतो.

त्या रविवारी स्टेजवर दोघंच होती. शिरवण्याचे कमळाकर आणि त्यांची सून नमिता. सीझनभर खेळून दोघांचे पॉइंट सारखे झाले, म्हणून दोघांचीच पाच मिनिटांची फायनल ठेवली. जिंकेल तो क्लबतर्फे ऑल इंडियाला, बंगळूरला. जागा एकच.

बंगळूरसाठी कमळाकरांनी चाकांची बॅग कधीच घेऊन ठेवली होती. पण दरवर्षी ते दुसरे येत. शेवटी शेवंताबाईंनी नवऱ्याच्या त्या बॅगेत कांदे भरून ठेवले.

नमिताचा नवरा रूपेश जहाजावर. वर्षातला निम्मा काळ तो पाण्यावर असतो. नमिताचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला. लग्नानंतर तिची सोल्डरिंग गन माळ्यावर गेली, ती कमळाकरांनी एके दिवशी स्वतः शिडी लावून खाली काढली. तेव्हापासून सासरे-सून जेवताना बॅटऱ्यांवर बोलतात आणि शेवंताबाई टीव्हीशी बोलतात.

आता नियम. क्लास साडेसतरा टर्नचा, म्हणजे ब्रशलेस मोटरच्या आत तारेचे वेढे साडेसतरा. वेढे कमी केले की गाडी सुसाट, वाढवले की गाडी म्हातारी. सगळ्यांची मोटर सारखी असली की फरक उरतो तो फक्त हाताचा. म्हणून जिंकलेल्याची मोटर उघडून तपासायची.

फायनल जरा थंडच झाली. नमिताची गाडी सुरुवातीपासून सासऱ्यांच्या मागे, हातभर अंतर राखून. लोक म्हणाले, डाव बघतेय, शेवटी पुढे काढेल. शेवटच्या वळणावर तिने काढायला घेतलीही, पण गाडी बाहेर गेली आणि पाइपला घासली. कमळाकर नाकभर पुढे.

“नर्व्हस झाली,” लोक म्हणाले.

सगळ्यात आधी टाळ्या नमितानेच वाजवल्या. कमळाकर मात्र नवऱ्याच्या सोफ्यावर मटकन बसले. चेहरा असा, की आत्ताच कोणीतरी न विचारता त्यांचं लग्न लावून दिलंय.

“काका, मोटर द्या,” तपासणीवाला स्वराज म्हणाला.

“ऱ्हाऊ दे ना रं. आपलीच मानसं.”

“नियम आहे काका.”

“मंग हिची बघ आधी. सुनेचा मान पयला.”

स्वराजने काकांचीच मोटर उघडली. मीटर लावला, काढला, परत लावला.

“शेठ, तुमी पन?” खालून गोटीराम म्हणाला. तो सीझनच्या पहिल्याच फेरीत फास्ट मोटरपायी बाद झाला होता, त्यामुळे त्याला जरा बरं वाटत होतं.

“डबा साडेसतराचा आहे,” स्वराज म्हणाला. “आत वेढे साडेपंचवीस.”

“म्हणजे फास्ट?”

“म्हणजे हळू.”

हे पचायला हॉलला वेळ लागला. स्वराजने आजवर बरेच चोर पकडले होते. स्वतःच्याच खिशातून चोरणारा हा पहिला.

“नियमात फास्ट मोटरला बंदी हाय,” कमळाकर म्हणाले. “हलूला कुठं हाय?”

“काका, नियम म्हणतो साडेसतरा. कमी नाही, जास्त पण नाही.”

“मंग कर बाद!” कमळाकर सोफ्यावरून उठलेच. बाद व्हायला इतकं उत्सुक माणूस कमिटीने पाहिलं नव्हतं.

“पण कशाला केलंत हे?”

कमळाकर सुनेकडे न बघता बोलले. “पोरीला जाऊ दे की. मी चार दिस घरात नसलो तं कोनाला कलनार पन नाय. ती नसली तं चायपत्तीचा डबा कुठं हाय, ते शोधायलाच आमाला चार दिस लागतील. कलू दे ना घराला एकदा.” मग एकदम चिडले. “एवरी हलू केली गाडी, तरी ही हरली! काय शिकवला मी हिला?”

लोक हसले. नमिता हसली नाही. ती रिमोटचा वेग देणारा ट्रिगर पुसत उभी होती.

मग तिची मोटर उघडली. मीटर एकदाच लावावा लागला.

“एकदम साडेसतरा,” स्वराज म्हणाला आणि माइकवर नमिताचं नाव पुकारलं. पुन्हा टाळ्या, पुन्हा तीच शिट्टी. कमळाकरांनी तिथूनच घरी फोन लावला. “शेवंती, कांदे काढ बॅगेतनं. हा. सगले.”

“स्वराज,” नमिता म्हणाली, “हरकत कोणावर घेता येते?”

“कोणावरही, वहिनी. पण आजच्या आज, कमिटीच्या नावाने.”

“मग टाइप कर.”

स्वराजने मोबाइल काढला. कमळाकरांनी फोन कानापासून खाली घेतला. नमिता सरळ उभी राहिली आणि बँकेत अर्ज वाचून दाखवावा तशी सांगू लागली.

“विषय, विजेतीवर हरकत. माननीय कमिटी, अर्जदाराची मोटर नियमात होती. मात्र पाच मिनिटांच्या फायनलमध्ये अर्जदाराने ट्रिगर एकदाही अर्ध्याच्या पुढे दाबलेला नाही. तरी अर्जदाराचे सदर बोट नियमबाह्य ठरवून, अर्जदाराऐवजी तिच्या सासऱ्यांना बंगळूरला पाठवण्यात यावे, ही नम्र विनंती.”