हजार माणसांचं विमान

"आरं पठ्ठ्या! हजार माणूस एका इमानात?" मच्छिंद्र आबांनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत धम्मदीपच्या पाठीवर थाप मारली. मागं वेल्डिंग करणाऱ्या त्यांच्या पोराच्या, रविराजच्या, अंगाचा नुसता तिळपापड झाला.

कॉम्प्युटर रविराजचा. मांडवगणातल्या निम्म्या उसाच्या ट्रॉल्या त्याच्या हातच्या. पण त्याच्या पाठीवर आबांचा हात कधी पडला नव्हता. आणि हा धम्मदीप, डिप्लोमाला बरोबर असलेला, कारेगावात नोकरी करणारा, दर रविवारी इथं येऊन कधीच न बनणारं विमान काढायचा आणि कौतुक लुटून जायचा! पुण्यात हजार माणसांच्या विमानाच्या चित्रांची स्पर्धा होती, तिला ते आजच पाठवायचं होतं.

"रव्या, आईकडं जेवून येतो. मग पाठवतो," म्हणत धम्मदीप गेला. आबाही उठले.

रविराज पडद्यासमोर बसला. पंख काय ऐटीत पसरले होते! त्यानं ते दोन्ही मध्येच मोडले आणि तिथं ट्रॉलीच्या फाळक्याची बिजागरी काढली. ऊस उतरवताना मागचा फाळका धाडकन खाली पडतो, तसे पंख लोंबकळायला लागले. आता हसतील सगळे पोट धरून. आबांनाही कळू दे. त्याला फार बरं वाटलं.

धम्मदीप परतला तो दिवस मावळेपर्यंत आत बसून राहिला. रविराजचा जीव टांगणीला.

"एवढा येळ?"

"नावं भरायची व्हती. पाठवलं बग."

येड्याला पत्ताच लागला नाही! रविराज मनातल्या मनात हसला.

निकालाला तो मुद्दाम आबांना घेऊन पुण्याला गेला. परीक्षकबाई माइकवर म्हणाल्या, "एवढं अवाढव्य विमान उभं कुठं करायचं, तिथंच सगळे अडले. पंख दुमडायचं एकाच जोडीला सुचलं. पहिलं बक्षीस, धम्मदीप आणि रविराज."

आबांनी डोळे पुसले आणि रविराजच्या पाठीवर हात ठेवला. "माझं पोरगं हाय हे," ते शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत सुटले.

स्टेजवर धम्मदीपनं त्याला मिठी मारली आणि कानाशी हळूच म्हणाला, "फाळका खाली पडतो रव्या, पंख वर जायला पायजे. तेवढं मी उलटं करून घेतलं. आबांना काय बोललो न्हाई."