दोन गुणांचे पत्रे

इच्छापोरच्या त्या इमारतीला हरित बांधकामाचं सर्वांत वरचं प्रमाणपत्र मिळालं. पण तूर्त ते मिळालेलं नाही असं धरून चालू. कारण मे महिन्यातल्या त्या मंगळवारी, भर दुपारी, दोन गुण कमी पडत होते आणि तळमजल्याच्या हॉलमध्ये छायाचं तापाने फणफणलेलं बाळ झोळीत झोपलं होतं.

हॉलमध्ये एसी नव्हता. जाळीच्या भिंती, पोकळ विटा, वर पांढरं छत. बाहेर त्रेचाळीस, आत एकोणतीस. हे सगळं आर्किटेक्ट अमृताच्या डोक्यातून निघालेलं.

तपासनीस तुषारने तापमापी काढली. "सगळी इमारत रिकामी लागेल, मॅडम. तासभर. माणूस आत असला की आकडा चढतो."

"सहा महिन्यांचं बाळ आहे हो," अमृता म्हणाली.

"त्यात ताप." तुषार मनापासून हळहळला. "तुमच्या गाडीत एसी लावून बसवा ना."

अमृताने गाडी विकली होती. तत्त्व म्हणून.

छायाचा नवरा किसन याच भिंती उभारणारा गवंडी. त्याला वाटत होतं, परीक्षा अमृताची आहे आणि ती नापास झाली तर तिला घरी बोलणी बसतील. "तासाचाच सवाल हाय ना, म्याडम? तुमचा नंबर जाया नको." त्याने झोळी सोडली.

अमृता "थांब" म्हणणार होती. तिने घड्याळ पाहिलं.

छाया रडू लागलेल्या बाळाला घेऊन कुंपणालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. मागोमाग किसन आणि अमृता गेले. तुषारही गेला, कारण शेड पाहून त्याला काहीतरी सुचलं होतं.

"हे पत्रे नवे?"

"न्हाई साहेब. मागच्या साइटचे. त्याच्याबी मागच्या," किसन म्हणाला.

"पुनर्वापर!" तुषारचा चेहरा उजळला. "दोन गुण. झालं की काम!"

कोणी टाळी वाजवली नाही. छाया ओल्या पदराने बाळाला पुसत होती. पदर लगेच वाळत होता. बाळ आता रडत नव्हतं.

"इथलं तापमानही लिहा," अमृता म्हणाली.

"शेड आपल्या कक्षेत नाही, मॅडम."

"पत्रे आले ना कक्षेत?"

"पत्रे साहित्यात येतात."

"आणि माणसं?"

तुषारने प्रामाणिकपणे पानं उलटली. "वापरकर्त्यांत. पण ताबा दिल्यावर."

अर्जाच्या शेवटी सूचनांसाठी एक कोरं पान होतं. अमृताने पेन मागून घेतलं. "छाया, काय लिहू?"

"आता काय लिवता," छाया मान वर न करता म्हणाली. "तिथला गारवा इकडं पाठवता आला तर बघा."

अमृताने स्वच्छ अक्षरात लिहिलं:

"विनंती की, तळमजल्यावरील हॉलमधील गारवा सध्या कोणाच्याही वापरात नसल्याने तो दुपारी बारा ते चार या वेळेत शेजारील पत्र्याच्या शेडकडे वळवण्यात यावा. त्यामुळे हॉलचे तापमान वाढून गुण कापले गेल्यास अर्जदाराची काहीही हरकत नाही."